कोंडाण्याचे अंतेवासी

“कशाचे डॉक्टर तुम्ही?”

कर्जत लोकलमध्ये समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी हा प्रश्न केला तेव्हा गाडीने नुकतेच कल्याण सोडले होते. माझ्या पिशवीतून रक्तदाब मोजण्याच्या यंत्राची रबरी नळी बाहेर डोकावत होती. तिने माझे गुपित फोडले होते.

“फॅमिली डॉक्टर,” मी म्हटले.

“म्हणजे नुसते एम.बी.बी.एस.?”

वाचकहो, हा ‘नुसते’ शब्द मी पंचेचाळीस वर्षे ऐकत आलो आहे. माझ्या लग्नाच्या वेळी सासरेबुवांनीही तो वापरला होता. मुलगा डॉक्टर आहे म्हणताच त्यांचा चेहरा खुलला, आणि मग चहाची बशी खाली ठेवता ठेवता त्यांनी हळूच विचारले, “नुसता, की पुढे काही?” पुढे काही नव्हते. डोंबिवलीत दहा बाय बाराचा एक गाळा, एक बाकडे, एक कंपाउंडर आणि लाल-पिवळ्या मिक्श्चरच्या बाटल्या, एवढाच माझा संसार होता. तरी त्यांनी मुलगी दिली, हा त्यांचा मोठेपणा.

गृहस्थांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. माझ्या शेजारी एक तरुण आणि एक तरुणी बसली होती. त्यांच्याकडे पाहून त्यांनी विचारले, “आणि ही मुलं?”

“दोघंही डॉक्टर आहेत. फॅमिली डॉक्टर होण्याचं शिक्षण घेताहेत. तीन वर्षांचं.”

“त्याचंही शिक्षण असतं?” गृहस्थ थक्क झाले. “मला वाटायचं, ज्याला पुढं ॲडमिशन मिळत नाही तो फॅमिली डॉक्टर होतो!”

मुलगा हसला. मुलगी खिडकीबाहेर पाहू लागली. मी काहीतरी उत्तर जुळवू लागलो, पण तोवर बदलापूर आले, गर्दी झाली आणि ते उत्तर तसेच राहिले. नेरळला गृहस्थ उतरायला उठले. दारापाशी जाऊन त्यांनी दांडा धरला आणि एकदम मागे वळून म्हणाले, “डॉक्टर, एक विचारायचं राहिलंच. जिना चढताना छातीवर दडपण येतं हल्ली. गॅसेसच ना?”

गाडी थांबत होती. मी त्यांना एवढेच सांगू शकलो की, आजच्या आज ई.सी.जी. काढून घ्या, उद्यावर टाकू नका. त्यांनी ऐकले असेल अशी आशा करतो. गाडी हलल्यावर मी त्या दोघांना म्हटले, “दवाखान्यातही असंच होतं. सर्दी-पडशाचं बोलून माणूस उठतो, आणि पडद्याला हात घातल्यावर ज्यासाठी आला होता ते सांगतो. तेव्हा रोगी उठला म्हणून आपण पुढच्याला हाक मारायची नाही.”

त्या गृहस्थांना द्यायचे राहिलेले उत्तर आता सवडीने देतो.

फॅमिली मेडिसिन या विषयाचे आपल्या देशात तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. ही पदवी त्यासाठी मिळते. कोझिकोडेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयासारख्या काही थोड्या ठिकाणी एम.डी.ही सुरू झाली आहे. उमेदवाराने औषधोपचार, शस्त्रक्रिया, बाळंतपण, बालरोग, डोळे, कान, कातडी, मन अशा सगळ्या दालनांतून फिरायचे, अपघात विभागात रात्री जागवायच्या, एक प्रबंध लिहायचा आणि शेवटी परीक्षा द्यायची. गुणवत्ता यादीतली वरची मुले क्ष-किरणशास्त्र आणि त्वचारोग घेतात. फॅमिली मेडिसिनच्या वाट्याला बहुतेक वेळा यादीचे शेपूट येते. लोकलमधले गृहस्थ अगदीच चुकत नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

हा अभ्यासक्रम चालवणाऱ्या एका रुग्णालयाने काही वर्षांपूर्वी मला विचारले, “आमचे विद्यार्थी थोडे दिवस तुमच्या दवाखान्यात बसू द्याल का?” मी म्हटले, “बसू देईन, पण माझ्याबरोबर त्यांना कोंडाण्यालाही यावं लागेल.” आम्ही चार जुने डॉक्टर महिन्यातून दोन रविवार तिथल्या एका पडवीत दवाखाना चालवतो, आणि त्यात माझी पाळी असते. यंदाच्या दोघांची नावे सांगत नाही. मुलगा नांदेडकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. त्याला नांदेडकर म्हणू. मुलगी साताऱ्याची, ती सातारकर. नांदेडकर हा विषय मागून घेऊन आलेला. सातारकरला क्ष-किरणशास्त्र हवे होते, ते थोडक्यात हुकले. पुन्हा परीक्षा द्यायची की काय याचा तिचा निर्णय व्हायचा होता, आणि तो न झालेला निर्णय ती चेहऱ्यावर घेऊन हिंडत असे.

हे कोंडाणे म्हणजे सिंहगडाचा कोंढाणा नव्हे. कर्जतहून कोंदिवड्याच्या रस्त्याने गेले की राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात हे गाव लागते. वर झाडीत दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. नवी जोडी आली की पहिल्या रविवारी दवाखाना आटोपून मी तिला लेण्यांत नेतो. चैत्याची भव्य कमान, तिच्या आजूबाजूला दगडात कोरलेले लाकूडकाम, नाचणारी जोडपी हे सगळे पाहण्यासारखे आहेच. पण मला दाखवायचे असते ते निराळेच. चैत्याच्या दर्शनी भागाच्या डावीकडे एका मोठ्या मूर्तीचे मस्तक उरले आहे. नाकडोळे झिजून गेले आहेत, पण शिरोभूषणाची कलाकुसर अजून पाहावी अशी आहे. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. जाणकार तिचा अर्थ लावतात तो असा: कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले.

अंतेवासी म्हणजे गुरूच्या जवळ राहून शिकणारा. बलकाने स्वतःचे नाव कोरले, पण त्याआधी गुरूचे नाव घातले. मी कोणाचा कोण, हे सांगितल्याशिवाय मी काय केले हे सांगता येत नाही, असा त्या काळचा रिवाज असावा.

“म्हणजे रेसिडेंट!” नांदेडकर म्हणाला.

हा मुलगा चलाख आहे. ‘निवासी डॉक्टर’ हा शब्द आपल्याला वर्तमानपत्रातल्या संपाच्या बातम्यांमुळे ठाऊक असतो. ही प्रथा अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रुजली. १८८९ साली ते रुग्णालय उघडले, आणि ऑस्लर, हॉलस्टेड या तिथल्या थोर गुरूंच्या हाताखाली तरुण डॉक्टर खरोखरच रुग्णालयात राहू लागले. जेवण तिथे, झोप तिथे, शिकणे रोग्याच्या खाटेशी. पुढे सगळ्या जगाने ती पद्धत उचलली. पण जो जिथे राहतो, तो तिथलेच शिकतो. रुग्णालयात राहणारा खाटेवरचा आजार शिकतो. तोच आजार खाटेपर्यंत पोचण्याआधी, स्वयंपाकघरात किंवा शेतात वावरत असताना कसा दिसतो, ते तो कुठे शिकणार?

१९६१ साली कर व्हाइट नावाच्या अमेरिकन डॉक्टराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला होता. एक हजार प्रौढ माणसे घ्या. महिनाभरात त्यांतल्या साडेसातशे जणांना काही ना काही दुखणे होते. अडीचशे डॉक्टरकडे जातात. नऊ जण इस्पितळात दाखल होतात. आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोचतो तो फक्त एक! आम्ही सगळे त्या एकावर शिकलो. उरलेले दोनशे एकोणपन्नास दवाखाना उघडल्यावर पहिल्याच दिवशी समोर येऊन बसतात.

आपल्याकडे याचा विचार झालाच नाही असे नाही. १९४६ साली भोर समितीने सांगितले की, डॉक्टर एकाच प्रकारचा असावा, पदवीधर असावा आणि तो समाजाचा डॉक्टर असावा. तोपर्यंत परवाना घेऊन धंदा करणारे निराळे डॉक्टर असत. मुंबईच्या चाळींतून फिरणारे एल.सी.पी.एस. डॉक्टर जुन्या वाचकांना आठवत असतील; मिक्श्चरच्या बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवून देणारे, आणि घरात कोणाचे कोणाशी पटत नाही हे पक्के ठाऊक असणारे. ते बंद झाले. नव्या पदवीधराने मात्र खेड्याकडे आणि चाळीकडे पाठ फिरवून तज्ज्ञ होण्याची वाट धरली. दोष त्याला तरी कसा द्यावा? महाविद्यालयात त्याला शिकवायला एकही फॅमिली डॉक्टर नव्हता. ज्याने कधी गवई पाहिला नाही, त्याने गाणे शिकावे कसे? विलायतेत १९५२ साली जनरल प्रॅक्टिशनरांनी आपले स्वतंत्र कॉलेज काढले. अमेरिकेत १९६९ साली हा विषय स्वतंत्र म्हणून मान्य झाला. आपल्याकडे २०२२पासून एम.बी.बी.एस.च्या मुलांना गावातली काही कुटुंबे दत्तक देण्याची योजना सुरू झाली आहे. चांगले आहे. कुटुंबाने विद्यार्थ्याला दत्तक घेतले तर आणखी चांगले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, डॉक्टरसाहेब, फॅमिली डॉक्टरला शिकायचे ते काय? मायाळू स्वभाव असावा, घरच्यांची ओळख असावी, हातगुण असावा, झाले! मलाही तारुण्यात असेच वाटे. १९८६ साली माझा तो समज उतरला, तो कसा ते सांगतो. ही हकीकत मी फारशी सांगत नाही. प्रत्येक नव्या जोडीला मात्र सांगतो.

आमच्या इमारतीच्या मागे एक काकू राहत. त्यांच्या घरी मी डॉक्टर म्हणून जाई त्यापेक्षा चकल्या खायला जास्त जाई. त्या वर्षी त्यांची धाकटी मुलगी माहेरी परत आली होती. काकूंची भूक गेली, वजन उतरले, बारीक खोकला लागला, संध्याकाळी अंग मोडून येई. मला सगळे ठाऊक होते ना! मुलीची काळजी, काकांची निवृत्ती, घरातली ओढाताण. मी त्यांना धीर दिला, झोपेची गोळी दिली, बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शने दिली, खोकल्याचे मिक्श्चर दिले. दहा आठवडे! अखेर गावाहून आलेल्या त्यांच्या भावाने त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे नेले. त्या डॉक्टरला त्यांच्या मुलीची हकीकत ठाऊक नव्हती, काकांची पेन्शन ठाऊक नव्हती, काहीच ठाऊक नव्हते. त्याने थुंकी तपासली आणि छातीचा फोटो काढला. क्षय होता. तोवर घरातल्या तीन वर्षांच्या नातवाच्या मानेत गाठी आल्या होत्या.

दोघेही बरे झाले. नऊ महिने औषधे चालली. घरच्यांनी मला एका शब्दाने दुखवले नाही. काकू तर म्हणत, “तुम्ही होतात म्हणून धीर होता हो.” तो धीरच त्यांना महागात पडला होता, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितले, पण वीस वर्षांनी. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मला तेव्हाच कळलं होतं.” यावर मला काही बोलता आले नाही. आजही येत नाही.

तेव्हापासून मला कळले की, ओळख हे दुधारी शस्त्र आहे. माणूस ओळखीचा झाला की आपण त्याच्याकडे पाहायचे थांबतो. ओळख ठेवायची आणि तरी दर वेळी नव्याने पाहायचे, हे जमवणे म्हणजेच फॅमिली डॉक्टरचे शिक्षण. पुस्तकातून ते येत नाही. कोणीतरी शेजारी बसून ‘हे तू पाहिलेस का?’ असे विचारावे लागते. लंडनला १९५०च्या सुमारास मायकेल बालिंट नावाचा मनोवैद्य फॅमिली डॉक्टरांना दर आठवड्याला एकत्र बसवी आणि एकेकाला आपल्या रोग्याची हकीकत सांगायला लावी. बाकीचे प्रश्न विचारीत. त्यावर त्याने १९५७ साली ग्रंथ लिहिला. डॉक्टर स्वतःच एक औषध आहे, असे त्याचे म्हणणे. मग त्या औषधाची मात्रा किती, कोणाला बाधते, हे कोणी शिकवले आहे का, असा त्याचा सवाल होता. माझी मात्रा काकूंना बाधली होती.

अशा डॉक्टरांनी नजर उघडी ठेवली तर ते काय करू शकतात, याची एक गोष्ट यॉर्कशायरमधली आहे. वेन्सलेडेलच्या खोऱ्यात विल्यम पिकल्स नावाचा खेड्यातला डॉक्टर होता. १९२९ साली तिथे काविळीची साथ आली. पिकल्स प्रत्येक घर ओळखून होता. कोण कोणाकडे गेले, कोण कोणाबरोबर बसले, हे त्याने वहीत टिपले. एक मुलगी सकाळी अंथरुणात होती, त्यानेच तिला तपासले होते. दुपारी ती उठून गावच्या जत्रेला गेली, आणि पुढच्या कितीतरी रोग्यांचा माग तिच्यापर्यंत पोचला. लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत किती दिवस जातात, ते या खेडवळ डॉक्टरने मोठ्या शहरांतल्या पंडितांना दाखवून दिले.

आणि यॉर्कशायर कशाला? आपल्या याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. तेव्हा या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. लाल विंचू चावून धडधाकट माणसे, मुले फुप्फुसात पाणी होऊन मरत होती, आणि विंचवाने माणूस मरतो हे शहरातल्या पुस्तकांना फारसे ठाऊकच नव्हते. बावस्कर रोग्यापाशी बसून राहिले. घाम केव्हा सुटतो, हातपाय केव्हा गार पडतात, नाडी केव्हा बदलते, ते टिपत गेले. १९८२ साली ती टिपणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध या विंचूदंशावर वापरले, आणि जिथे शंभरातले तीस दगावत, तिथे ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी माझ्या मुलांना सांगतो, त्यांच्याजवळ यंत्र नव्हते, खाटेशेजारचे स्टूल होते.

आता गेल्या आषाढातल्या रविवारची गोष्ट सांगून हे पुराण आटोपतो.

पाऊस धो धो कोसळत होता. लावणीचे दिवस, त्यामुळे रोगी थोडे. पडवीत बाकावर मी, एका बाजूला नांदेडकर, दुसऱ्या बाजूला सातारकर. आमचा एक जुना रोगी बायको आणि आईबरोबर आला. पस्तिशीचा, काटक. चार दिवस ताप, अंगदुखी, डोके ठणकतेय. डोळे लाल. मी त्याला सहा-सात वर्षे ओळखतो. रविवारी सकाळी त्याचे डोळे नेहमीच लाल असतात. शनिवारी रात्री काय होते ते सांगायला नको, असे मी कधीच मनाशी ठरवून टाकले होते; त्याच्या कार्डाच्या कोपऱ्यात ‘दारू’ असे लिहून खाली रेघही मारली होती. नांदेडकरने बोटातून रक्त घेऊन हिवतापाची पट्टी पाहिली. हिवताप नव्हता. माझा हात पॅरासिटामॉलच्या डब्याकडे गेला.

तेवढ्यात सातारकरने खाली वाकून त्याची पोटरी दाबली. गडी बाकावरून उडालाच!

“लघवी शेवटची केव्हा झाली, दादा?” तिने विचारले.

तो आठवू लागला. काल सकाळी एकदा. मग नाही.

माझा हात डब्यावर तसाच राहिला. ताप, पोटऱ्यांत कळा, डोळ्यांत रक्त उतरलेले, लघवी कमी, आणि गुडघाभर चिखलात आठ दिवस. लेप्टोस्पायरोसिस! उंदरांच्या मुतातून भातखाचरात पसरणारा हा ताप आमच्या कोकणपट्टीत दर पावसाळ्यात येतो. लवकर धरला तर साध्या औषधांनी बरा होतो. मूत्रपिंडे बसली तर माणूस जातो.

“आजच कर्जतला दाखल व्हायला हवं,” सातारकर म्हणाली.

“नाय जमायचा,” गडी म्हणाला. आई म्हणाली, “दोन सुया मारा बाय, उठंल तो.” बायको गप्प.

अशा वेळी आवाज चढवणे मला चांगले येते. पंचेचाळीस वर्षांचा सराव आहे. पण शिकवणाऱ्याचे सगळ्यांत अवघड काम आपले हात मांडीखाली घेऊन बसण्याचे असते. मी भिंतीवरचे घड्याळ पाहिले आणि स्वतःला दहा मिनिटे दिली. दहा मिनिटांत या मुलांना जमले नाही तर मी ओरडणार होतो, पायांवर डोके ठेवणार होतो, काहीही करणार होतो. ती दहा मिनिटे मोठी वाईट गेली.

सातारकरने आधी आजाराचे वर्णन केले. मूत्रपिंडे, रक्त, धोका. गडी तिच्याकडे पाहत राहिला, जणू ती दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होती. दोन-तीन मिनिटे अशी वाया गेल्यावर ती थांबली. मग त्याला सोडून तिने बायकोला विचारले, “वहिनी, उद्या घरी काय आहे?”

उद्या चिखलणीचे यंत्र येणार होते. भाड्याचे. पैसे आगाऊ दिलेले. उद्याची पाळी गेली की पुढची आठ दिवसांनी, आणि तोवर रोपे म्हातारी होणार.

आता नांदेडकर जागा झाला. चुकलेला एक दिवस शेतकऱ्याला किती महाग पडतो, हे त्याला पुस्तकात वाचावे लागले नव्हते. “यंत्रवाल्याचा नंबर आहे?” त्याने विचारले. पडवीच्या टोकाला, जिथे फोन लागतो तिथे, डोक्यावर टॉवेल घेऊन तो उभा राहिला. यंत्रवाल्याशी बोलला, मग कोंदिवड्याच्या मेहुण्याशी. मेहुणा उद्या बांधावर उभा राहायला कबूल झाला. नांदेडकरने फोन गड्याच्या कानाला लावला. तो ऐकत राहिला, ‘बरा’ म्हणाला आणि फोन परत दिला.

“चला,” तो म्हणाला.

घड्याळात नऊ मिनिटे झाली होती. १०८ची गाडी यायला पुढे अर्धा तास लागला, आणि तेवढ्या वेळात सातारकरने आणखी एक काम केले. बायकोला बाकावर बसवून तिने तिचे पाय पाहिले. बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांनी कातडी सोललेली. तीही त्याच खाचरात उतरत होती. तिला ताप नव्हता, पण तिच्यासाठी औषध आणि ताप आला तर काय करायचे याची चिठ्ठी तिने लिहून दिली, वाचून दाखवली, आणि तिच्याकडून परत म्हणवून घेतली. हे मी शिकवलेले होते. पोटरी दाबायला मात्र मी विसरलो होतो.

गडी बारा दिवसांनी घरी आला. महिनाभराने दवाखान्यात आला तेव्हा अंगाने निम्मा झाला होता, पण लघवी ठीक, रक्ताचा रिपोर्ट ठीक. बरोबर बायको होती. सातारकरने त्याच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. डोळे पुन्हा लाल होते! तिने माझ्याकडे पाहिले. मी कार्डावरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले.

तिने ते वाचले आणि सरळ बायकोलाच विचारले, “वहिनी, दादा किती पितात?”

बायको चकित झाली. “पित नाय हो, ताई. माळ घातलीय त्यानी, लग्नाच्या आधीच्याची. शनवारी रातीला फार्महौसवर राखणीला असतो ना तो. मुंबईचे पावणे निजत नाहीत तवर याला निजाया मिलत नाय.”

गडी कॉलर बाजूला करून तुळशीची माळ दाखवू लागला. सात वर्षे मी त्याच्या छातीला स्टेथॉस्कोप लावत होतो. कार्डावरचा शब्द मी खोडला आणि तिथे ‘शनिवारची रात्रपाळी’ असे लिहिले. सातारकरने कार्ड माझ्या हातातून घेतले, तारीख घातली, आणि खाली आपली सही केली.